डेटानोडला डीयू रिझर्व्हड दिलंय तरी डिस्क 100 टक्के भरतायत, नक्की किती जागा राखून ठेवायची?

खराडी_ऑनकॉल

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट माहितीवर उत्तर देणं तुम्हालाही अवघड जाईल. आमच्याकडे हडूप 3.3 चा क्लस्टर आहे (अनेक मशिनवर मिळून डेटा साठवणारी आणि प्रोसेस करणारी सिस्टिम), 14 डेटानोड म्हणजे डेटा ठेवणारी मशिन, प्रत्येकाला 4 टीबीच्या 12 डिस्क, सगळ्या ईएक्सटी4 फाइल सिस्टिमच्या, रेप्लिकेशन 3 म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या तीन प्रती. ह्याच डिस्कवर यार्नच्या (जॉबना मशिन वाटून देणारा भाग) लोकल डिरेक्टरीज आहेत, म्हणजे स्पार्कचं शफल, जॉब चालू असतानाचा तात्पुरता डेटा, पण तिथेच पडतं. वेगळी एसएसडी वगैरे काही नाहीये.

एचडीएफएस-साइटमधे (एचडीएफएस म्हणजे हडूपचा फाइल साठवणारा भाग, ही त्याची सेटिंग फाइल) डीएफएस.डेटानोड.डीयू.रिझर्व्हड ला 10 जीबी दिलंय, बाइट्समधे 10737418240. माझी समजूत अशी की डेटानोडने काही झालं तरी प्रत्येक डिस्कवर 10 जीबी मोकळी सोडायला पाहिजे. पण रात्रीचे ईटीएल (डेटा गोळा करून नीट लावणारे) जॉब सुरू झाले की पहाटेपर्यंत काही डिस्क डीएफ मधे (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) सरळ 100 टक्के दिसतात, मग नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस, एक्झिक्युटर (स्पार्कच्या काम करणाऱ्या प्रोसेस) मरतात, दोन-तीन नोडमॅनेजर (मशिनवरचा यार्नचा कारभारी) अनहेल्दी होतात आणि त्यांचं काम बाकीच्यांवर पडून तेही भरायला लागतात.

गंमत नाही पण कोडंच आहे, कारण डीएफएसॲडमिन -रिपोर्ट मधे (एचडीएफएसच्या जागेचा हिशोब देणारी कमांड) क्लस्टर फक्त 74 टक्के वापरलेला दिसतो. मागच्या वर्षभरात ज्या डिस्क बदलल्या त्या 40-45 टक्क्यांवर आहेत आणि जुन्या गच्च. वरून नवीन नोड घ्यायची चर्चा सुरू झालीये, पण 26 टक्के जागा शिल्लक दिसत असताना एवढा खर्च करायचा हे मला पटत नाहीये.

तर विचारायचं असं की रिझर्व्हड किती ठेवायचं, ते वाढवलं तर आहे तो डेटा उडतो का, आणि त्यासाठी सगळा क्लस्टर बंद करावा लागतो का? गणपती तोंडावर आलेत, टीममधले निम्मे जण त्या दहा दिवसात मंडळात नाहीतर गावाला असतात, तेव्हा त्याआधी हे मार्गी लावायचंय.

कोथरूड_कमांडलाइन

10 जीबी फारच कमी आहे हो. सरसकट 20-25 टक्के ठेवून द्या, निवांत झोपाल. आणि ते जुन्या-नव्या डिस्कचं म्हणाल तर डेटानोड बाय डिफॉल्ट राउंड रॉबिनने लिहितो, रिकामी डिस्क असो की भरलेली, पाळीपाळीने ब्लॉक टाकतो, त्यामुळे जुनी आधी भरणारच.

स्वारगेट_सिसॲडमिन

राउंड रॉबिनचं बरोबर आहे, पण 25 टक्क्यांचा सल्ला असा आंधळेपणाने घेऊ नका. 14 नोडवर पाव क्लस्टर बाजूला काढणं म्हणजे साडेतीन नोड नुसते शोभेला ठेवणं. आकडा मोजून काढता येतो, त्यासाठी रिझर्व्हड नक्की काय करतं ते आधी बघू.

खराडी, तुमची जी समजूत आहे ना की काही झालं तरी 10 जीबी मोकळी राहील, ती बहुतेकांची असते आणि सेटिंगच्या वर्णनावरून तसंच वाटतं. प्रत्यक्षात डेटानोड हिशोब असा करतो की डिस्कवर माझ्याशिवाय इतरांनी किती वापरलंय ते बघायचं, म्हणजे नॉन डीएफएस यूज्ड, आणि ते रिझर्व्हडमधून वजा करायचं. जे उरेल तेवढीच जागा तो अजून राखून ठेवतो. तुमच्याकडे रिझर्व्हड 10 जीबी आणि रात्री शफल समजा 150 जीबी झालं, तर राखलेल्यातलं उरलं शून्य. आता डिस्कवर जे काही मोकळं आहे ते सगळं डेटानोड आपलंच समजतो आणि शेवटच्या ब्लॉकपर्यंत भरत जातो. स्वारगेटला एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं आहे हे, ज्यांच्यासाठी धरली ते येऊन बसले की रुमालाचं काम संपलं, त्यांच्यासोबत आणखी चार जण आले तर त्यांच्यासाठी कोणी उठत नाही.

म्हणजे रिझर्व्हड हा इतरांच्या वापराच्या वर ठेवलेला मोकळा तुकडा नाही, इतरांचा वापर त्याच्यातच धरलेला आहे. म्हणून तो आकडा तुमच्या नॉन डीएफएसच्या सगळ्यात वाईट रात्रीच्या आकड्यापेक्षा मोठा पाहिजे. दुसरी गोष्ट, हे सेटिंग फक्त डेटानोडला आवरतं. स्पार्क, लॉग, कोणी टेंपमधे टाकलेल्या फाइल, ह्यांना त्याचं काही घेणंदेणं नाही, ते रिझर्व्हडच्या पुढे आरामात जाऊ शकतात. त्यांना आवरायचं काम यार्नच्या बाजूला करावं लागतं.

आता यार्नचं बघा, कारण खरी टक्कर तिथे आहे. यार्नचा डिस्क हेल्थ चेकर डिफॉल्टला 90 टक्क्यांच्या वर गेलेली डिस्क खराब धरतो आणि तिच्यावर लिहिणं थांबवतो. एका नोडवरच्या चांगल्या डिस्क पाव हिश्शाच्या खाली गेल्या की अख्खा नोड अनहेल्दी. तुमची 4 टीबीची डिस्क डीएफ मधे 3.6 टीबी दिसत असेल, त्याचे 10 टक्के म्हणजे साधारण 370 जीबी. डेटानोडला मात्र तुम्ही 10 जीबीपर्यंत भरायची मुभा दिलीये. मग स्पार्कचा एकही जॉब नसताना नुसत्या एचडीएफएसच्या डेटानेच डिस्क 90 ओलांडणार आणि यार्न तिला बाद करणार. दोन सेटिंग दोन वेगळ्या फाइलमधे आहेत, बऱ्याचदा दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेली असतात, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं झालेलं नसतं. हे मी वारंवार बघतो म्हणून एवढं ठासून लिहितोय.

त्यात ईएक्सटी4 ची भर. फाइल सिस्टिम बनवताना काही सांगितलं नाही तर 5 टक्के ब्लॉक रूटसाठी (सिस्टिमचा ॲडमिन यूजर) राखीव जातात. तुमच्या एका डिस्कवर ते झाले साधारण 185 जीबी. डेटानोड एचडीएफएस यूजरने चालतो, रूटने नाही, त्यामुळे ही जागा कपॅसिटीत दिसते पण लिहायला मिळत नाही. आणि यार्न टक्केवारी काढताना ती वापरलेलीच धरतो, म्हणजे खरा वापर 85 झाला की यार्नच्या दृष्टीने 90 झाले. सिस्टिमच्या रूट पार्टिशनला हे 5 टक्के जरूर असू द्या, पण नुसत्या डेटाच्या डिस्कवर एवढ्याची गरज नाही. टून2एफएस -एम 1 करा, म्हणजे राखीव हिस्सा 1 टक्क्यावर येईल, डिस्क माउंट असताना चालतं, अनमाउंट करायची गरज नाही. डिस्कमागे दीडशे जीबीच्या आसपास परत मिळतात, 14 नोड गुणिले 12 डिस्क केलं तर 25 टीबी कच्ची जागा, रेप्लिकेशन 3 ने भागलं तरी 8 टीबी खरा डेटा. नवीन नोडच्या मीटिंगमधे हा आकडा घेऊन जा.

पण आधी मोजा. दोन-तीन जड रात्री प्रत्येक डिस्कवर यार्नच्या लोकल आणि लॉग डिरेक्टरीचं डीयू (फोल्डरने किती जागा घेतली ते सांगणारी कमांड) दर दहा मिनिटांनी क्रॉनने, म्हणजे आपोआप, लिहून ठेवा आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या. सरासरी घेऊ नका, डिस्क सरासरीने भरत नाही.

वारजे_डेटा

स्वारगेट दादांनी छान समजावलंय. एक ॲड करते, मोजताना डीयू आणि डीएफ मधे मोठी तफावत आली तर एलएसओएफ +एल1 (डिलीट होऊनही उघड्या असलेल्या फाइल दाखवणारी कमांड) चालवून बघा. फाइल डिलीट झालेली असते पण एखाद्या प्रोसेसने उघडून ठेवलेली असते, तेवढी जागा डीयू ला दिसत नाही पण डिस्कवर अडकलेलीच राहते.

आणि यार्न-साइटमधे डिलीट डॉट डिबग-डिले-सेक (जॉब संपल्यावर त्याच्या फाइल किती सेकंदांनी पुसायच्या) काय आहे ते नक्की बघा. डिफॉल्ट 0 असतं, पण कोणीतरी कधीतरी एखादा जॉब डिबग करायला ते एक दिवसाचं करून ठेवतं आणि मग प्रत्येक संपलेल्या जॉबचा कचरा दिवसभर डिस्कवर बसून राहतो. तुमच्याकडे स्पार्क स्ट्रीमिंगचे महिनोन्महिने चालणारे जॉब असतील तर तेही तपासा, डायनॅमिक ॲलोकेशनमधे (गरजेप्रमाणे एक्झिक्युटर कमी-जास्त करणं) एक्झिक्युटर गेला तरी त्याच्या शफल फाइल ॲप्लिकेशन संपेपर्यंत तशाच राहू शकतात. यार्नच्या लोकल डिरेक्टरीतल्या यूजरकॅशमधे जाऊन ॲपकॅशच्या फोल्डरचे आकार लावून बघितले की कोण जागा खातंय ते लगेच कळतं.

खराडी_ऑनकॉल

दोघांचे मनापासून आभार, ते वजा करायचं गणित वाचल्यावर इतके दिवसांचं कोडं सुटलं. मोजून आलोय. डिबग-डिले खरंच 86400 होतं, कधीपासून ते कोणालाच माहिती नाही, ते 0 केलं आणि नोडमॅनेजर एकेक करून रीस्टार्ट केले. त्यानंतरच्या जड रात्रींमधे एका डिस्कवर जास्तीत जास्त 220 जीबी नॉन डीएफएस गेलं, त्याआधी 300 च्या वर जात होतं. एलएसओएफ मधे विशेष काही निघालं नाही.

टून2एफएस एका नोडवर करून बघितलं, खरंच माउंट असताना झालं आणि डीएफ मधे अव्हेलेबल लगेच वाढलं.

आता 220 धरून रिझर्व्हड किती करू, 250 पुरेल का?

स्वारगेट_सिसॲडमिन

250 ने डेटानोड आणि शफल एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत, पण यार्नची 90 ची रेघ तरीही ओलांडली जाईल. गणित उलटं लावा. शफल 220 वर असताना डिस्कवर किमान किती मोकळं राहायला हवं ते ठरवा, आणि त्यात 220 मिळवा.

यार्नची मर्यादा 90 च ठेवली तर मोकळी हवी 370, अधिक 220, म्हणजे 590 जीबी. हे डिस्कच्या 16 टक्के झाले, जास्त आहेत. एवढ्या मोठ्या डिस्कवर 90 ची मर्यादा फार कडक पडते, ती 95 करा. मग मोकळी हवी 185, अधिक 220, झाले 405. थोडी सूट धरून 420 जीबी ठेवा, बाइट्समधे 450971566080. हा आकडा प्रत्येक डिस्कचा आहे, नोडचा नाही, ह्यात गल्लत होऊ देऊ नका, नोडचा समजून 12 ने भागलं तर डिस्कमागे 35 जीबी उरतात आणि आपण परत होतो तिथेच. आणि हे सगळं टून2एफएस सगळ्या नोडवर झाल्यानंतरच.

एक आधीच सांगून ठेवतो. कॉन्फिगर्ड कपॅसिटी म्हणजे एकूण वजा रिझर्व्हड, त्यामुळे हे लावल्यावर कपॅसिटी कमी दिसेल आणि तुमचे 74 टक्के एकदम 83-84 दिसायला लागतील. एक बाइटही वाढलेला नसतो, भाजक बदललेला असतो. मॉनिटरिंगचे अलर्ट 80 वर लावलेले असतील तर ज्या दिवशी बदल कराल त्या दिवशी सगळ्यांचे फोन वाजतील, तेव्हा साहेबांना आणि ऑनकॉलवाल्यांना आधी कल्पना द्या.

कोथरूड_कमांडलाइन

मोजल्यावर 11 टक्क्यांवर आलं हे खरं, मान्य. पण मग 12 पैकी 2 डिस्क पूर्ण यार्नला देऊन टाकल्या तर? 10 डिस्क निव्वळ एचडीएफएसला. ही रस्सीखेचच संपली, रिझर्व्हड नावापुरतं ठेवायचं.

स्वारगेट_सिसॲडमिन

जागेचं भांडण संपेल पण वेगाचं सुरू होईल. आत्ता शफल 12 डिस्कवर पसरतं, उद्या 2 वर येईल, आणि त्या फिरत्या डिस्क आहेत. शिवाय रात्रीचं शफल 12 गुणिले 220 म्हणजे 2.6 टीबी एका नोडवर, 2 डिस्कवर मावेल पण त्या दोघी पूर्ण रात्र मान खाली घालून लिहीत राहतील. एसएसडी घ्यायची तयारी असेल तर वेगळं काढणं उत्तमच, तेव्हा मी पण तेच सांगेन. आहे त्या हार्डवेअरवर नको.

वारजे_डेटा

खराडी, तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांचं राहिलंच. रिझर्व्हड वाढवल्याने आहे तो डेटा अजिबात उडत नाही. पण हलतही नाही, हे लक्षात घ्या. जी डिस्क आत्ता 97 टक्क्यांवर आहे ती 97 वरच राहील, डेटानोड फक्त तिच्यावर नवीन ब्लॉक टाकणं बंद करेल. जुन्या डिस्क खाली आणायच्या असतील तर एकाच नोडच्या आत डिस्कबॅलन्सर चालवावा लागेल. नेहमीचा बॅलन्सर नोड-नोडमधलं समान करतो, एका नोडच्या डिस्क-डिस्कमधलं बघत नाही, आणि तुमचा त्रास तर आतलाच आहे.

आधी -प्लॅन नोडचं नाव, मग जी प्लॅन फाइल तयार होते ती -एक्झिक्यूट ला द्यायची, आणि -क्वेरी ने कुठपर्यंत आलं ते बघायचं. वेग डिफॉल्टला सेकंदाला 10 एमबी आहे. 1 टीबी हलवायला एका दिवसाच्या वर लागतं, त्यामुळे संध्याकाळी लावून सकाळी होईल अशा हिशोबाने बसू नका. दिवसा जॉब कमी असतील तर वेग वाढवा, प्लॅन करतानाच बँडविड्थ देता येते. एका वेळी दोन-तीन नोड घ्या.

हे झालं की व्हॉल्यूम चूझिंग पॉलिसी (नवीन ब्लॉक कोणत्या डिस्कवर टाकायचा ते ठरवणारं सेटिंग) राउंड रॉबिनवरून अव्हेलेबल स्पेस करा, नाहीतर पुढची डिस्क बदलली की परत तेच. त्यात डिस्कमधल्या मोकळ्या जागेचा फरक 10 जीबीच्या वर गेला की नवीन ब्लॉकपैकी 75 टक्के जास्त मोकळ्या डिस्ककडे जातात. आधी डिस्कबॅलन्सर आणि मग पॉलिसी, हाच क्रम ठेवा, कारण उलटं केलं तर सगळं लिखाण त्या नव्या बदललेल्या डिस्कवर तुटून पडतं आणि त्याच अडकून बसतात.

क्लस्टर बंद करायची गरज नाही. एचडीएफएस-साइट सगळीकडे पोचवा आणि डेटानोड एकेक करून रीस्टार्ट करा. नेमनोड (कोणता ब्लॉक कुठे आहे ते सांभाळणारं मुख्य मशिन) डिफॉल्टला साडेदहा मिनिटं हार्टबीट, म्हणजे नोडकडून जिवंत असल्याचा निरोप, आला नाही तरच नोडला मेलेला समजतो, त्याच्या आत नोड वर आला की रि-रेप्लिकेशन (ब्लॉकच्या प्रती परत बनवणं) सुरूच होत नाही. एक वर आला, एफएससीके मधे (एचडीएफएस तपासणारी कमांड) मिसिंग ब्लॉक नाहीत हे बघितलं की पुढचा.

हडपसर_रॅक

मी डेटा सेंटरच्या बाजूचा माणूस, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो जी डिस्क बदलताना हमखास राहते. रीबूटनंतर एखादी डिस्क माउंटच झाली नाही, एफएसटॅबमधे (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्याची फाइल) नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी बूट होऊ दे असं, असल्यामुळे मशिन मात्र छान वर आलं, तर डेटानोडला माउंट पॉइंटच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर दिसतं. त्याला तिथे लिहायची परवानगी असेल तर तो तिथेच नवीन डिरेक्टरी बनवून ब्लॉक टाकायला लागतो, म्हणजे थेट रूट पार्टिशनवर. रिझर्व्हड 420 जीबी आणि रूट 100 जीबीचं असेल तर कपॅसिटी शून्य धरून तो लिहिणार नाही, तुमच्या नव्या आकड्याचा हा एक फायदाच. पण यार्नला तसा काही लगाम नाही, तो रूट भरतो आणि मग लॉगिन करायची पण पंचाईत होते.

उपाय सोपा आहे. डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या माउंट पॉइंटवर सीएचएटीटीआर +आय (फोल्डरमधे बदल बंद करणारी कमांड) करून ठेवा. डिस्क माउंट झाली की त्याचा काही अडथळा येत नाही, आणि नाही झाली तर तिथे रूटलाही लिहिता येत नाही. त्याबरोबर फेल्ड डॉट व्हॉल्यूम्स डॉट टॉलरेटेड (किती डिस्क गेल्या तरी डेटानोड चालू ठेवायचा) 1 किंवा 2 करा, डिफॉल्ट 0 आहे आणि 0 ला एक डिस्क गेली की पूर्ण डेटानोड खाली बसतो. विसर्जनाच्या दिवशी पेठेतल्या माणसाला मिरवणुकीतून वाट काढत भोसरीला पोचायला किती वेळ लागतो ते आपण सगळे जाणतो, तेव्हा एका डिस्कसाठी नोड पडायला नको.

खराडी_ऑनकॉल

हडपसरकर, हे डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या एफएसटॅबमधे सगळीकडे नोफेल आहे. डिस्क एकेक अनमाउंट करावी लागेल, तर डेटानोडच्या रीस्टार्टच्या वेळीच करून घेतो.

आत्तापर्यंतचं असं, टून2एफएस सगळ्या नोडवर झालं, यार्न 95 केलं, 420 चं सेटिंग चार नोडवर गेलंय. त्या चारांवर कालच्या रात्री एकही डिस्क 95 च्या वर गेली नाही, बाकीच्या दहांवर अजून लाल दिवे आहेत. डिस्कबॅलन्सर दोन नोडवर चालू आहे, वेग 40 वर ठेवलाय.

एकच शेवटचं, पुढच्या वर्षी ज्या नोड येतील त्यात 16 टीबीच्या डिस्क असणार आहेत असं कळतंय. तेव्हा सगळीकडे हाच 420 चा आकडा चालेल का?

स्वारगेट_सिसॲडमिन

शफल त्याच आकाराचं राहिलं तरी यार्नचे 5 टक्के 16 टीबीवर साडेसातशे जीबीच्या आसपास जातात, म्हणून 420 पुरणार नाही. मिश्र डिस्क आल्या की टक्केवारीवर जा. डीयू.रिझर्व्हड.पीसीटी म्हणून वेगळं सेटिंग आहे, पण नुसतं ते लिहून चालत नाही, डीयू.रिझर्व्हड.कॅल्क्युलेटर मधे क्लास पण बदलावा लागतो, नाहीतर डेटानोड जुना ठरावीक आकडाच वापरत राहतो आणि काही तक्रारही करत नाही. तुमच्यासाठी कॉन्झर्व्हेटिव्ह नावाचा क्लास बरा, तो ठरावीक आकडा आणि टक्केवारी ह्यातलं जे जास्त ते घेतो. 420 जीबी आणि 8 टक्के असं दिलं तर 4 टीबीवर 420 लागू होईल आणि 16 टीबीवर जवळपास बाराशे जीबी. क्लासच्या नावात डॉलरचं चिन्ह येतं, अँसिबलच्या (सेटिंग फाइल सगळ्या मशिनवर पोचवणारं टूल) टेंप्लेटमधून किंवा शेल स्क्रिप्टमधून फाइल बनवत असाल तर ते गळून पडत नाही ना ते एका नोडवर डोळ्यांनी बघा, आणि रीस्टार्टनंतर डीएफएसॲडमिन -रिपोर्ट मधे त्या नोडची कॉन्फिगर्ड कपॅसिटी अपेक्षेइतकी उतरलीये का ते ताडून मगच पुढच्या नोडला हात लावा.